स्लॅब भरून झाल्यावर चूक सापडली, आता काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.टेक. करून दीड वर्षापूर्वी पुण्यातल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे लागलेल्या इंजिनिअरनं बाल्कनीच्या स्लॅबचं ड्रॉइंग काढलं. डिझाइनमध्ये वरच्या सळ्या 10 मिमीच्या, 150 मिमी अंतरावर होत्या. ड्रॉइंगवर मात्र शेजारच्या खोलीच्या स्लॅबचं शेड्युल (सळ्यांचा तक्ता) उतरलं आणि 8 मिमी, 200 वर असं साइटला गेलं. पहिला स्लॅब भरला. वरच्या मजल्याचं ड्रॉइंग करताना चूक लक्षात आली, पण साहेबांना सांगायला दोन दिवस गेले. साहेब भडकले. आता झोप लागत नाही, हे क्षेत्र आपल्याला झेपेल का अशी शंका येते. अनुभवी लोक सुरुवातीच्या चुकांमधून नेमकं शिकले कसे, असं विचारलं आहे.

आधी बाल्कनीबद्दल लिहिते, कारण ती अजून तिथंच उभी आहे.

10 मिमी 150 वर म्हणजे दर मीटर रुंदीला 523 चौरस मिमी स्टील. 8 मिमी 200 वर म्हणजे 251. निम्म्याहूनही कमी. त्यामुळे बाल्कनीखालचे टेकू निर्णय होईपर्यंत निघणार नाहीत, हे साइटला लेखी कळवा. निघाले असतील तर आजच्या आज परत लावायला सांगा. बाल्कनीवर विटा, वाळूच्या गोण्या, टाइल्सचे बॉक्स काहीही ठेवू देऊ नका. साइटवर माल चढवायला बाल्कनी सोयीची पडते, त्यामुळे तिच्यावर सर्वांत जास्त भार पुष्कळदा बांधकाम चालू असतानाच येतो. हेच ड्रॉइंग दुसऱ्या विंगला किंवा दुसऱ्या प्रकारच्या फ्लॅटला वापरलंय का, तेही पाहा. हा प्रश्न घाईत हमखास राहून जातो.

मग स्लॅबमध्ये प्रत्यक्ष काय आहे ते रिबार लोकेटरनं (काँक्रीट न फोडता आतली सळई शोधणाऱ्या यंत्रानं) तपासा. फिटरनं (सळ्या बांधणाऱ्यानं) कधीकधी ड्रॉइंगपेक्षा जास्त टाकलेलं असतं, कधी सळई हवी त्यापेक्षा बरीच खाली गेलेली असते. आलेल्या आकड्यांवर गणित पुन्हा मांडा. दीड मीटर बाहेर आलेली, 150 मिमी जाडीची बाल्कनी धरली तर स्वतःचं वजन, फिनिश आणि 3 किलोन्यूटनचा (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे 100 किलोंचं वजन) लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचा भार, मिळून चौरस मीटरला साधारण 8 किलोन्यूटन होतात. त्याचं मोमेंट, म्हणजे मुळाशी स्लॅब वाकवणारा जोर, दर मीटरला 9 किलोन्यूटन-मीटर. टोकावर एक मीटर उंच, अर्ध्या विटेचा प्लॅस्टर केलेला कठडा असेल तर त्याचं वजन मीटरला सुमारे 2.8 किलोन्यूटन, आणि ते पूर्ण दीड मीटरच्या तरफेवर लटकलेलं, म्हणजे मोमेंट आणखी 4.2. एकूण मोमेंटचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या कठड्याचा. तिथं लोखंडी रेलिंग आलं तर हा हिस्सा जवळपास नाहीसा होतो. आर्किटेक्टशी बोलून हा बदल लगेच करता येतो.

एवढ्यानं मात्र भागणार नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर रेलिंग लावूनही स्टील कमीच पडतं. कॉलममधून किंवा बीममधून स्टीलचे ब्रॅकेट काढून खालून आधार द्यायचा, की वरून कार्बन फायबरच्या पट्ट्या लावून त्या आतल्या खोलीच्या स्लॅबमध्ये पुरेशा मागे न्यायच्या, हा निर्णय तुमच्या साहेबांचा. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, लोड टेस्टही दिली आहे: पूर्ण डेड लोड (बांधकामाचं स्वतःचं वजन) आणि सव्वापट लाइव्ह लोड 24 तास ठेवायचा, काढल्यावर पुढच्या 24 तासांत निदान 75 टक्के डिफ्लेक्शन (आलेला बाक) परत यायला हवं. स्टील थोडं कमी असेल, शंका असेल, तेव्हा ही चाचणी उपयोगी. निम्मं स्टील असताना "टेस्ट पास झाली" म्हणून बाल्कनी सोडून देणं मला मान्य नाही. कँटिलिव्हरला, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या अशा स्लॅबला, दुसरा आधार नसतो. सळई हरली की भार घ्यायला दुसरं काही उरत नाही.

आता त्या दोन दिवसांविषयी. चूक झाली यापेक्षा हे दोन दिवस मला जास्त महत्त्वाचे वाटतात, आणि हे तुम्हाला दुखावण्यासाठी म्हणत नाही.

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेकचा पूल बांधला जात होता. मधला गाळा आधी 1600 फुटांचा ठरला होता, नंतर 1800 फुटांचा केला. पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचे आकडे नव्या लांबीला साजेसे वेळेवर सुधारले गेले नाहीत. प्रत्यक्षातलं वजन धरलेल्यापेक्षा बरंच जास्त निघालं. सल्लागार इंजिनिअर थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये, फॅब्रिकेशन करणारी कंपनी पेनसिल्व्हेनियात फीनिक्सव्हिल इथं, आणि साइटवर कूपरचा माणूस होता नॉर्मन मॅक्लूर, कॉलेजातून बाहेर पडून जेमतेम तीन वर्षं झालेला तरुण. ऑगस्ट 1907 मध्ये खालच्या कॉर्डचे (पुलाच्या सांगाड्याच्या खालच्या कडेचे) दाबाखालचे मेंबर वाकताना त्याला दिसले. त्यानं मापं घेतली, पत्रं लिहिली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका मेंबरचा वाक दोन इंचांवर गेल्याचं आढळलं. आठवड्यापूर्वी तो पाऊण इंच होता. साइटवर वाद चालला की मेंबर आधीपासूनच वाकडे होते की आता वाकतायत. मॅक्लूर स्वतः न्यूयॉर्कला जाऊन 29 ऑगस्टला कूपरना भेटला. कूपरनी तार केली की पुलावर आणखी वजन चढवू नका. पण ती तार गेली फीनिक्सव्हिलला, क्वेबेकच्या साइटला नाही. त्याच संध्याकाळी, काम सुटण्याच्या सुमारास, पूल कोसळला. 75 माणसं गेली.

मॅक्लूरनं पाहिलं ते बरोबर होतं, मोजलं ते बरोबर होतं, आणि त्यानं सांगितलंही. फक्त काम थांबवण्याचा निरोप काम करणाऱ्या माणसांपर्यंत पोचला नाही. या व्यवसायात चूक लक्षात येण्यापासून साइट थांबेपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढा वेळ इमारत आणि तिच्याखालची माणसं धोक्यात असतात. तुमच्या बाबतीत दोन दिवसांत टेकू निघाले नसतील, तर ते नशीब. पुढच्या वेळी आधी फोन, मग मेल, मग साइटवरच्या माणसाकडून "थांबवलं" असं उलट उत्तर. शब्द जुळवत बसू नका. "साहेब, बाल्कनीच्या ड्रॉइंगमध्ये माझ्याकडून वरचं स्टील निम्मं गेलंय, स्लॅब भरलाय, टेकू काढू नका म्हणून साइटला सांगतोय" एवढं पुरे. साहेब रागावतील, रागावू द्या.

तुमचं डिझाइन बरोबर होतं, ही गोष्ट तुमच्या प्रश्नात सहज येऊन गेली आहे. माझं लक्ष तिथंच थांबलं. पहिल्या चार-पाच वर्षांतल्या मुलामुलींची कामं मी तपासते, आणि बहुतेक वेळा गणित चोख असतं. चूक होते ती गणित एका हातातून दुसऱ्या हातात जाताना: आर्किटेक्टच्या नकाशातून लोडमध्ये, कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमधून ड्रॉइंगवर, ड्रॉइंगवरून फिटरच्या हातात. कॉलेजात या जागा कोणी दाखवत नाही, कारण तिथं प्रश्न आणि उत्तर एकाच कागदावर असतात.

लोडचंच घ्या. आपल्याकडे गच्चीवर आणि बुडीत टॉयलेटमध्ये विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. नवा इंजिनिअर फ्लोअर फिनिश म्हणून सरसकट एक-दीड किलोन्यूटन टाकून मोकळा होतो. टॉयलेटचा स्लॅब 300 मिमी बुडवला आणि त्यात ब्रिकबॅट भरली तर चौरस मीटरला पाच-सहा किलोन्यूटन होतात, लाइव्ह लोडच्या अडीच-तीनपट. गच्चीवरच्या कोब्याला उतार असतो. पाइपच्या तोंडाशी 100 मिमी असला तरी वरच्या टोकाला तो सहज दुप्पट होतो, आणि डिझाइन करणारा पाइपजवळची जाडी धरतो. पुढं दहा-पंधरा वर्षांनी गच्ची गळायला लागली की सोसायटी जुना कोबा न काढता त्यावरच नवा घालते. ते त्या वेळच्या डिझाइनरच्या हातात नसतं हे खरं, पण म्हणून गच्चीच्या स्लॅबमध्ये मी नेहमी थोडी जास्तीची ताकद ठेवते. पाण्याच्या टाकीचंही तसंच. 20,000 लिटर म्हणजे 20 टन पाणी, शिवाय टाकीचं वजन. आर्किटेक्टनं टाकी एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर सरकवली आणि तो बदल स्ट्रक्चरलच्या मॉडेलमध्ये आलाच नाही, असं चांगल्या ऑफिसांतही घडतं. आर्किटेक्टचा नवा नकाशा आला की जुन्यावर ठेवून काय बदललं ते रंगीत पेनानं खुणावणं हे कंटाळवाणं काम आहे. नव्या माणसानं पहिलं वर्ष तेच करावं असं माझं मत आहे. त्यातून इमारत वाचायला येते.

मॉडेलच्या बाबतीत सांगायचं तर ईटॅब्ज किंवा स्टॅड ही डिझाइनची सॉफ्टवेअर उघडण्याआधी दहा मिनिटं कागदावर घालवा. आपल्याकडच्या साध्या आरसीसी रहिवासी इमारतीत स्लॅब, बीम, कॉलम, भिंती, फिनिश आणि लाइव्ह लोड सगळं धरून दर मजल्याला चौरस मीटरमागे ढोबळमानानं 1.2 टन येतात. एखाद्या कॉलमकडे 4 बाय 4.5 मीटरचं क्षेत्र येत असेल आणि आठ स्लॅब असतील तर 18 गुणिले 1.2 गुणिले 8, म्हणजे 170 टनांच्या आसपास. मॉडेल 165 सांगतंय, 190 सांगतंय, ठीक आहे. 95 सांगत असेल तर हात थांबला पाहिजे. कुठंतरी भिंतीचा लोड राहिलाय, एखादा बीम कॉलमला जोडलेलाच नाही, किंवा जुन्या प्रोजेक्टची फाइल कॉपी करताना जुनेच लोड आलेत. माझ्याकडे कोणी कॉलमचं डिझाइन घेऊन आलं की मी आधी हाच कागद मागते. तो नसेल तर मॉडेल उघडत नाही.

सॉफ्टवेअरवर आंधळा विश्वास ठेवल्यावर काय होतं याचं नॉर्वेतलं उदाहरण प्रत्येक नव्या इंजिनिअरला माहीत असावं. स्लाइपनर ए या तेलाच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया 23 ऑगस्ट 1991 ला स्टॅव्हँगरजवळच्या फ्योर्डमध्ये चाचणीसाठी पाण्यात उतरवताना फुटला आणि तळाशी गेला. तीन गोल टाक्या जिथं मिळतात तिथल्या तिकोनी पोकळीच्या भिंतीत फायनाइट एलिमेंटच्या (भिंतीचे छोटे तुकडे पाडून गणित करणाऱ्या) मॉडेलनं शिअर (भिंत कापू पाहणारा जोर) 47 टक्के कमी दाखवला होता, कारण तिथली जाळी फार ढोबळ होती. त्यातच टोकाच्या सळ्यांचं अँकरेज (काँक्रीटमधली पकड) अपुरं पडलं. नंतर बारकाईनं केलेल्या विश्लेषणात 62 मीटर खोलीवर भिंत जाईल असं आलं. प्रत्यक्षात ती 65 मीटरला गेली. म्हणजे उत्तर मिळवता येण्यासारखं होतं. त्या भिंतीकडे एक साधा दोन टोकांना जखडलेला बीम म्हणून पाहून हातानं शिअर काढला असता तरी मॉडेलचा आकडा खटकला असता.

मॉडेलमधून ड्रॉइंगवर येताना एक चूक इतकी नेहमीची आहे की ती वेगळी सांगते: कॉलम फिरतो. मॉडेलमध्ये 230 बाय 600 ची लांब बाजू उत्तर-दक्षिण असते, ड्रॉइंगवर ती पूर्व-पश्चिम होते, कारण मधल्या काळात आर्किटेक्टला पार्किंगसाठी जागा हवी असते आणि कोणीतरी "तेवढाच तर कॉलम आहे" म्हणून फिरवतो. उभ्या भाराला फरक पडत नाही, म्हणून कोणाला खटकत नाही. भूकंपाच्या भाराला मात्र एका दिशेची ताकद आणि कडकपणा दोन्ही ढासळतात. कॉलमचं ड्रॉइंग बाहेर जाण्याआधी प्रत्येक कॉलमची दिशा मॉडेलशी ताडून पाहा, दुसरं कोणी नाही म्हणालं तरी.

बदल कोणी सुचवला आणि तो तपासला कोणी, हा प्रश्न किती महाग पडू शकतो ते अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हॉटेलात दिसलं. 17 जुलै 1981 च्या संध्याकाळी हयात रीजन्सीच्या लॉबीतले दोन लटकते पूल, चौथ्या मजल्याचा आणि त्याखालचा दुसऱ्या मजल्याचा, खाली गर्दीवर कोसळले आणि 114 लोक मेले. मूळ कल्पनेत एकच लांब सळई छतापासून दोन्ही पुलांमधून खालपर्यंत जात होती. बांधायला सोपं जावं म्हणून तिच्या दोन सळ्या केल्या: एक छतापासून चौथ्या मजल्याच्या बीमपर्यंत, दुसरी त्या बीमपासून खालच्या पुलापर्यंत. दिसायला किरकोळ बदल. पण आता चौथ्या मजल्याच्या बीमखालचा नट स्वतःच्या पुलाबरोबर खालच्या पुलाचाही भार घेऊ लागला, म्हणजे दुप्पट. शॉप ड्रॉइंगवर (कारखान्यात भाग बनवण्यासाठीच्या ड्रॉइंगवर) इंजिनिअरचा शिक्का बसला. त्या जोडाचं गणित मात्र कोणीच केलं नाही. चौकशीत असंही निघालं की मूळ जोडसुद्धा तिथल्या नियमाला लागणाऱ्या ताकदीच्या 60 टक्क्यांपर्यंतच पोचत होता. जबाबदार इंजिनिअरांचे परवाने गेले.

आपल्या साइटवर रोज असे बदल फोनवर होतात. "मॅडम, 16 ची सळई संपलीय, 12 च्या दोन टाकू का?" 16 मिमीचं क्षेत्रफळ 201, 12 च्या दोन मिळून 226, म्हणून चटकन हो म्हणावंसं वाटतं. पण त्या बीममध्ये आधीच सळ्या दाटीवाटीनं असतील तर काँक्रीट खाली उतरणार कुठून? हो म्हणण्याआधी सेक्शन काढून बघा, आणि हो म्हटल्यावर ड्रॉइंगला नवा रिव्हिजन नंबर देऊन पाठवा. साइटवर जुनी प्रिंट राहिली तर ती फाडायला लावा. नुसता मेल पाठवून जुनी प्रिंट मुकादमाच्या खिशातून जात नाही.

आता फिटरचा हात. स्लॅब चेकिंगला जाण्याचा कंटाळा करू नका, ऑफिसनं पाठवलं नाही तर मागून घ्या. बाल्कनीच्या वरच्या सळ्या बांधताना बरोबर उंचीवर असतात. मग काँक्रीटची पाटी घेऊन माणसं त्यावरून चालतात, आणि खाली चेअर (सळ्या उचलून धरणारे आधार) नसतील किंवा दूरदूर असतील तर सळ्या दबतात. 120 मिमीची परिणामकारक खोली (स्लॅबच्या तळापासून वरच्या सळईपर्यंतची) 80 झाली की एक तृतीयांश ताकद गेली, आणि ड्रॉइंग तर पूर्ण बरोबर आहे! म्हणून कँटिलिव्हरला चेअर किती आणि कुठे हे ड्रॉइंगवर लिहायचं, चालायला फळ्या टाकायला लावायच्या आणि ओतताना तिथं उभं राहायचं. वरच्या सळ्या आतल्या खोलीत किती मागे गेल्यात ते टेपनं मोजायचं. बाल्कनी जेवढी बाहेर आलेली असते त्याच्या दीडपट मागे नेण्याची पद्धत आहे. कॉलमच्या रिंगांचे (उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या कड्यांचे) हुक 135 अंशांत आत वळलेत का ते वाकून बघायचं. 90 अंशांत सोडलेली रिंग भूकंपात कव्हर (सळ्यांवरचं बाहेरचं काँक्रीट) फुटलं की उघडते. 26 जानेवारी 2001 ला भूजपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत खाली पार्किंग मोकळं सोडलेल्या बहुमजली इमारती बसल्या, तेव्हा तळमजल्याच्या कॉलममधल्या अशा विरळ आणि नीट न वळवलेल्या रिंगा सगळ्यांनी पाहिल्या.

फिटरशी नीट बोला. वीस-वीस वर्षं सळई बांधणाऱ्या माणसाला तुमच्या ड्रॉइंगमध्ये काय बसणार नाही ते आधी कळतं. त्यानं विचारावं असं वाटलं तरच तो विचारतो. एखाद्या फिटरनं "साहेब, बाल्कनीला एवढंच स्टील?" असं विचारलं असतं तर तुमची ही चूक तिथंच सापडली असती. त्यानं का विचारलं नाही, हे साइटवर जाऊन त्याच्याकडून समजून घ्या.

चुकांमधून शिकायचं कसं, यावर माझं उत्तर लहान आहे. एक वही ठेवा. तिच्यात "बाल्कनीचं स्टील कमी पडलं, यापुढे काळजी घेईन" असं लिहिणार असाल तर वही नको. काळजी तुम्ही आधीही घेत होता. चूक कुठून आत आली आणि कोणत्या टप्प्यावर पकडता आली असती, तेवढं लिहा. तुमच्या बाबतीत ती शेजारच्या स्लॅबचं शेड्युल कॉपी करताना आली, आणि कँटिलिव्हरला वेगळा मार्क (ओळखखूण) नसेल तर अशी चूक तपासणाऱ्याच्या नजरेतूनही सुटते. मग उपाय आपोआप निघतो: कँटिलिव्हरचं स्टील शेड्युलमध्ये नेहमी वेगळ्या ओळीत, वेगळ्या मार्कनं, आणि ड्रॉइंग बाहेर जाण्याआधी प्रत्येक कँटिलिव्हरवर लाल पेननं खूण. हे ऑफिसातल्या सगळ्यांना लागू करा असं साहेबांना सुचवा. राग ओसरल्यावर ते ऐकतील.

राहिला प्रश्न हे क्षेत्र सोडायचं का. ज्याला झोप लागत नाही त्याला माझ्या ऑफिसात जागा द्यायला मला आवडेल. पण तुमच्या साहेबांविषयी मला एक विचारायचं आहे. दीड वर्षाच्या इंजिनिअरचं कँटिलिव्हरचं ड्रॉइंग दुसऱ्या कोणी न तपासता साइटला कसं गेलं? तपासून गेलं असेल तर तपासणाऱ्यानं काय पाहिलं? चूक तुमच्या हातून झाली, पण ती अडवायची जबाबदारी एकट्या तुमची नव्हती. साहेबांकडे शांतपणे एवढंच मागा की यापुढे तुमचं प्रत्येक ड्रॉइंग दुसऱ्याच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही, आणि ती सही करणारा तुमच्याबरोबर पंधरा मिनिटं बसेल. हो म्हणाले तर तिथंच राहा, त्या ऑफिसात शिकायला मिळेल. वेळ नाही, तुम्हीच नीट करा, असं उत्तर आलं तर बाल्कनीचं काम मार्गी लावा आणि मग दुसरं ऑफिस शोधा. मुलाखतीला जाल तेव्हा तुमच्याकडे ड्रॉइंग कोण तपासतं हा प्रश्न पगाराच्या आधी विचारा.